घुमक्याचा माईक

“पिराजी, हात आवर! लाल दिवा लागलाय बघ!”

मी दारातून ओरडले. मोठ्या स्टुडिओत मध्ये काच असते, पलीकडं वाजवणारे आणि अलीकडं मशीनवाला. माझा स्टुडिओ म्हणजे आमची झोपायची खोली. तिथं कसली काच! खोलीत वाजवणारे, आणि दाराबाहेरच्या बोळात जेवणाच्या टेबलावर मिक्सर, कॉम्प्युटर आणि मी. भिंतींना गाद्या उभ्या केलेल्या, खिडकीवर दोन रजया ठोकलेल्या. रेकॉर्डिंग असलं की आमचे हे म्हणायचे, “गाद्यांचं नशीब बघा, उभ्यानं गाणी ऐकतात. आम्ही आपले फरशीवर.”

पिराजीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि हलगीवर हातातलं टिपरू आणखी जोरात आणलं. त्या एवढ्याशा खोलीत कानठळ्या बसल्या. स्क्रीनवर दोन पट्ट्या होत्या, एक त्याच्या हलगीची आणि एक त्याच्या भावाच्या घुमक्याची. दोन्ही सरसर वर चढल्या आणि लालला जाऊन थडकल्या. माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये आवाज फाटला. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

“थांबा म्हणते ना! थांबा!”

धोंडीरामतात्या लगेच थांबले. पिराजी थांबला नाही. त्याची लय पुरी झाल्यावर, आपल्या मर्जीनं थांबला.

“काय झालं गं नलू?” तात्यांनी विचारलं. एवढं विचारतानासुद्धा मध्येच त्यांना श्वास घ्यावा लागला.

“काय व्हायचंय? तुमचा धाकटा भाऊ माझा माईक फोडायला आलाय.”

“मग हलगी काय कुजबुजायची असती व्हय ताई?” पिराजी म्हणाला. हसला नाही. एरवी असलं काही बोलला की हसायचा.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही इचलकरंजीत राहायचो. लोंढे बंधूंचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. थोरले धोंडीराम, त्यांना सगळी गल्ली तात्या म्हणायची. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून त्यांना बघत आलेले. धाकटा पिराजी माझ्याच वयाचा. दोघंही यंत्रमागावर कामाला, पण गावोगावी ओळख ती हलगी-घुमक्याची. हलगी पिराजीची, म्हणजे ती कडाडणार. तात्यांचं घुमकं, गळ्यात अडकवायचं, बसक्या आवाजाचं. लोक बघायचे पिराजीकडं, शिट्ट्या पडायच्या त्यालाच. तात्या मागं उभे राहून त्याच्या मनगटाकडं बघत वाजवायचे. घुमकं बंद पडलं तरच लोकांना कळायचं की ते इतका वेळ चालू होतं.

नदीपलीकडच्या त्यांच्या मूळ गावात मरगाई देवीची जत्रा भरते. पालखी उठली की पुढं हलगी-घुमकं लागतं आणि तो मान लोंढ्यांच्या घराचा. दुसऱ्या कुणाला चालत नाही. त्या गावची रीत अशी की पालखी उठल्यापासून देवळाच्या पायरीला टेकेपर्यंत हलगी थांबवायची नाही. पाऊस येवो, वाट अडो, वाजवणारा ठेचाळून पडो, हलगी थांबली की अपशकुन. आणि दुसरी रीत, घुमक्याशिवाय नुसती हलगी पालखीपुढं आणायची नाही. त्या भागात नुसती हलगी वाजते ती फक्त मयताला.

आणि तात्यांची छाती गेलेली. जन्मभर मागावर कापसाची तूस नाकातोंडातून ओढली होती. जिना चढायचा तर मध्ये बसावं लागे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाजवणं बंद. त्यांची दोन्ही पोरं पुण्याला कामाला, त्यांनी कधी घुमक्याला हात लावला नाही. पिराजीला मूलबाळ नाही. म्हणजे पुढच्या जत्रेत मरगाईपुढं लोंढ्यांच्या घरचं घुमकं वाजणार नव्हतं, आणि घुमकं नाही म्हणजे हलगीही नाही.

आठवडाभर आधी तात्या भाजीची पिशवी घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसले होते. पाणी प्याले, दम घेतला आणि म्हणाले, “नलू, तुझ्या मशीनमदी माझं घुमकं भरून घे.”

“कशाला तात्या?”

“जत्रंला लावायला. मी असलो तर हायेच. नसलो तर पिराजीनं मशीन लावावं आणि त्यावर वाजवावं. पुजाऱ्याला विचारलंय मी. म्हटलं, हात आमच्याच घरातला हाय, मग तो डब्यातनं आला म्हणून काय झालं? हो म्हणालाय.”

“असं काय बोलताय अभद्र.”

“अगं अभद्र कसलं? मला कळतंय की माझं. तू फकस्त भरून दे. नुसतं घुमकं पायजे बघ. हलगी तो तिथं वाजवंलच.”

मला ते सोपं वाटलं होतं. भजनी मंडळांची गाणी, लेझीम, शाळेचं बँडपथक, सगळं त्या खोलीत मी रेकॉर्ड केलेलं. वाजवणाऱ्यांच्या लेव्हलची मला चांगली पारख झालेली. ट्रायल घेताना माणूस नेहमी हातचं राखून वाजवतो, आणि खरं रेकॉर्डिंग सुरू झालं की अंगात येतं. म्हणून ट्रायलला पट्टी जिथंवर चढेल त्याच्यावर भरपूर मोकळी जागा सोडायची, म्हणजे पुढं आवाज फाटत नाही. एवढं सांभाळलं की काम झालं, असं मला वाटायचं.

रेकॉर्डिंग मागांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवलं. एरवी आमच्या गल्लीत दिवसरात्र खटखट, माईक लावायची सोय नाही. सकाळी तात्या एकटेच आले. मी त्यांना घुमकं वाजवायला सांगितलं. त्यांनी काठी उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली.

“हलगी कुठाय?” म्हणाले.

“तुम्हीच म्हणालात ना, नुसतं घुमकं पाहिजे.”

“भरायचं नुसतं घुमकं. पण हलगीबिगर हात कसा उठंल?”

मग मी कपाळाला हात लावला. पिराजीला बोलावून आणलं. तो यायलाच तयार नव्हता, त्याची बायको ओरडली तेव्हा आला. आधी हलगी एकटीच रेकॉर्ड केली आणि तीच तात्यांच्या कानात हेडफोनमधून सोडली. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“हे न्हाई जमायचं. मी त्याच्या मनगटाकडं बघून वाजवतो, पोरी. कानानं न्हाई.”

झालं. म्हणजे दोघांना एकाच खोलीत समोरासमोर उभं करणं आलं. मध्ये गादी घातली तर मनगट दिसत नाही, म्हणून गादी कमरेपर्यंतच ठेवली. पिराजीची हलगी कोपऱ्यात, तात्यांचं घुमकं दाराजवळ, त्याला अगदी चिकटून माईक. पण तात्यांचा हात आता हलका झालेला. त्यांच्या माईकचं बटण मला बरंच वर चढवावं लागलं. आणि बटण चढवलं की माईक हावरट होतो, समोरचं घेऊन भागत नाही, आजूबाजूचंही ओढतो. पिराजी बेतानं वाजवता तर निभावलं असतं. पण पिराजी बेतानं वाजवेल तर ना!

ट्रायललाच त्यानं घण घातले. मी त्याची लेव्हल कमी केली, त्यानं जोर वाढवला. आणखी कमी केली, आणखी वाढवला. माझ्या सगळ्या आयुष्यात ट्रायलला असा जीव तोडून वाजवणारा मी पाहिला नव्हता. तात्यांच्या माईकमध्ये तात्या कमी आणि पिराजीच जास्त. त्यातून घुमकं वेगळं काढणं म्हणजे चहातून साखर काढण्यासारखं झालं असतं.

तेव्हाच मी हेडफोन आपटला.

“चहा घ्या दोघं,” मी म्हटलं. “आणि पिराजी, चहा पिऊन झाला की जरा डोकं पण थंड कर.”

“डोकं न्हाई, हलगी थंड झालीया,” तो म्हणाला. “शेकायला लागंल.”

हलगीचं कातडं गार झालं की आवाज बसतो, विस्तवावर शेकावं लागतं. खोलीत कसला विस्तव! तो जुने पेपर घेऊन गच्चीवर गेला. तात्या पलंगाच्या रिकाम्या फळीवर बसले होते, कप दोन्ही हातांत धरून.

“लहानपणापासनं असाच हाय,” ते म्हणाले. “हलगी हातात आली की त्याला भाऊ न्हाई, बा न्हाई. मी म्हणायचो, लेका, जरा माझ्यासाठी हात थांबीव, मला खांदा बदलू दे. थांबला तर शपथ! मीच पळत जाऊन त्याला गाठायचा. जलमभर गाठला बघ.” मग हसले आणि हसता हसता खोकला लागला. मी पाठीवरून हात फिरवला. नुसती हाडं लागली.

“तात्या, आज राहू दे का? परत कधीतरी बघू.”

“परत कधी?” ते म्हणाले.

मी तणतणत गच्चीवर गेले. पिराजी उकिडवा बसून जळत्या पेपरवर हलगी फिरवत होता. बोटानं टिचकी मारून बघायचा, परत फिरवायचा.

“तुला काही लाज? तो माणूस तिथं छाती फुटेस्तोवर वाजवतोय आणि तू काय मस्ती लावलीस? तुझ्यापायी त्याचं घुमकं वेगळं निघत नाही. सगळीकडं तूच. कळतंय का तुला?”

“कळतंय.”

“मग?”

“निघू नये म्हणूनच वाजवालोय.”

मला आधी वाटलं, उलट उत्तर देतोय. पण तो माझ्याकडं बघत नव्हता. पेपर विझायला आला तरी हलगी त्याच जागी धरून बसलेला.

“एकदा मशीनमदी भरून झालं की दादा मोकळा झाला, ताई. मग कशासाठी राहील त्यो? डॉक्टरनं सांगितलं तवाच घुमकं खुंटीला टांगून पडला आसता. जत्रंची काळजी हाय म्हणून उठतोय, जेवतोय, औषिद घेतोय. ती काळजी बी तुम्ही काढून घ्या, मग बघा.”

“अरे, पण त्यांची इच्छा आहे.”

“त्याची आसंल. माझी न्हाई.” त्यानं हलगी खाली ठेवली. “मला मोकळा करायचा न्हाई त्याला.”

मी त्याच्यावर ओरडायला आले होते. उभी राहिले आणि मग त्याच्या शेजारी बसले. वाऱ्यानं राख माझ्या पातळावर आली, मी ती झटकलीही नाही. म्हटलं, “पिराजी, तू रेकॉर्डिंग होऊ दिलं नाहीस म्हणून ते जायचे थांबणारेत का?”

त्यानं विझलेल्या राखेत बोट फिरवलं.

“परत कधी, म्हणून विचारलं मला त्यांनी आत्ता. मला उत्तर देता आलं नाही. तुला येतंय का बघ.”

त्यानं डोळे पुसले, सरळ मनगटानं, पोरं पुसतात तसे, आणि उठला. खाली जाताना एवढंच म्हणाला, “दादाला काय सांगू नका.”

पुन्हा दोघं उभे राहिले. मी बटणं लावली, वर भरपूर जागा ठेवली, कारण या गड्याचा मला भरवसा नव्हता. हात वर करून खूण केली.

पिराजीनं सुरुवात केली, नेहमीसारखी कडक. तात्यांनी मान हलवली आणि घुमकं आलं. मी पट्टीवर डोळे लावून बसले. पहिली लय गेली. दुसरी गेली. आणि पिराजीची पट्टी खाली यायला लागली. मला वाटलं हलगी पुन्हा गार झाली. मग वाटलं वायर सुटली. मी वाकून दारातून बघितलं.

त्यानं टिपरू कमरेला खोचलं होतं. नुसत्या बोटांनी वाजवत होता, कातड्याच्या अगदी काठावर. मनगट मात्र उंच, मोठ्ठं, जत्रेत फिरवतो तसं फिरवत होता, भावाला दिसावं म्हणून. कडाडणारी हलगी मनगटात होती, आवाजात नव्हती. तात्यांच्या माईकमध्ये आता फक्त तात्या होते.

मी कधी ते घुमकं असं ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नसेल. इतकी वर्षं ते हलगीच्या खाली होतं. साधंच वाजवत होते, पण एकही ठोका घाईत नाही. मला कळेना मी मशीन बघू की ऐकू.

आणि मध्यावर ते थांबले.

काठी घुमक्यावर टेकलेली, मान खाली, खांदे वरखाली होत होते. माईकचं बटण चढवलेलं, त्यामुळं त्यांचा श्वास माझ्या कानात शिरला, घरघरत, अडकत. माझा हात बंद करायच्या बटणावर गेला. तात्यांनी वर न बघता पंजा थोडा उचलला. चालू दे.

पिराजीनं बोटं थांबवली नाहीत. रीत त्याच्या हाडात होती. पण इतकं हळू वाजवत होता की पट्टी हलेना. डोळे भावाच्या छातीवर. आजवर तात्या त्याच्या मनगटाकडं बघत आले होते. आता हा त्यांच्या छातीकडं बघत होता. एक श्वास गेला. दुसरा मध्येच अडला. तिसरा पुरा आला आणि त्याबरोबर काठी उठली. घुमकं पुन्हा चालू झालं, ते शेवटपर्यंत, पालखी पायरीला टेकते तिथपर्यंत.

झाल्यावर पिराजी हलगी काखेत घालून थेट घरी गेला. ऐकायलाही थांबला नाही.

तात्यांना मी हेडफोन लावून दिला. फक्त त्यांचा माईक सोडला. ते डोळे मिटून ऐकत बसले. मध्ये एकदा म्हणाले, “इतका बसका हाय व्हय माझा हात?” मग बऱ्याच वेळानं हेडफोन काढला.

“चांगलं आलंय ना तात्या?”

“आलंय की.” ते हेडफोनकडं बघत राहिले. “पण लई एकटं वाटतंय गं. मी कधी एकटा वाजवलोच न्हाई.”

त्यानंतर ते जत्रेपर्यंत राहिले नाहीत. पिराजीचं म्हणणं खरं झालं की काय, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले छाती भरली होती, कधी ना कधी होणारच होतं. मयताला वाजवायला दुसरी पार्टी आली. पुढं नुसती हलगी वाजत होती, मागं पिराजी खांदा द्यायला. आमच्या दारावरून गेले तेव्हा मी पायरीवर उभी होते. त्यानं मान वर केली नाही.

जत्रा जवळ आली तसा एका दुपारी तो आला. चप्पल बाहेर काढून दारातच उभा.

“दादाचं काढून ठेवलंय न्हवं?”

“ठेवलंय. ये, बस.”

मी खुर्ची दिली, तो खाली बसला. मी लावलं. फक्त घुमक्याचा माईक. पहिला ठोका आला आणि पिराजीचं मनगट मांडीवरून आपोआप उठलं. मग त्याच्या लक्षात आलं, त्यानं ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. मी स्क्रीनकडंच बघत राहिले.

मध्यावर ती जागा आली. काठी थांबली आणि खोलीत तात्यांचा श्वास ऐकू यायला लागला. घरघरत, अडकत. मी पटकन बंद केलं.

“ही जागा मी नीट करून देते,” मी म्हटलं. “आधीचे ठोके उचलून इथं चिकटवते. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“नको.”

“अरे, पालखीपुढं एकदम मोकळं पडेल. लोक म्हणतील मशीन बंद पडलं. बरं, मोकळं राहू दे, पण निदान तो श्वास तरी पुसून टाकू?”

“नको, ताई.” त्याचा आवाज चढला. मग तो खाली बघत म्हणाला, “दादा तिथं दम खातोय. खाऊ दे त्याला.”

जत्रेच्या दिवशी मी स्वतः गेले. माझं काम नव्हतं, आमचे हे म्हणालेसुद्धा, की एक बटण दाबायला तू कशाला? पण मला दुसऱ्या कुणाच्या हातात ते द्यायचं नव्हतं. छोट्या टेम्पोत दोन स्पीकर, बॅटरी आणि मिक्सर. मी मागच्या फळीवर मिक्सरपाशी बसलेली, टेम्पो पिराजीच्या उजव्या हाताला. तात्या जिथं चालायचे तिथं. पुजाऱ्यानं टेम्पोच्या चाकाला हळद लावली आणि स्पीकरला बुक्का. एक म्हातारा कुरकुरला, “घुमकंवाला माणूस कुठाय?” पुजारी म्हणाला, “आलाय. गप उभा ऱ्हावा.”

पिराजीनं देवळामागं हलगी शेकून आणली. पागोटं बांधलेलं, अंगात तात्यांचा सदरा, खांद्यात सैल. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. मी लावलं.

घुमकं आलं आणि त्याच्यावर हलगी अशी कोसळली की टेम्पोचा पत्रा थरथरला. खोलीत आवाज फाटायचा, इथं उघड्या माळावर त्याला आभाळ मोकळं होतं. पालखी उठली, भंडारा उधळला, पोरं नाचायला लागली. मी घुमक्याची लेव्हल जितकी चढेल तितकी चढवली. तात्या जन्मात कधी इतक्या मोठ्यानं वाजले नव्हते. माझ्या डोळ्यांत भंडारा गेला होता की मी रडत होते, मला सांगता येणार नाही. रडतच होते.

पालखी अर्ध्या वाटेत, पिंपळाच्या वळणावर आली. मला ती जागा येणार हे माहीत होतं. माझं बोट मिक्सरच्या सरकत्या पट्टीवर होतं. एवढ्या चढवलेल्या लेव्हलवर तो श्वास बाहेर आला तर सगळ्या जत्रेला ऐकू जाईल. पट्टी जरा खाली ओढली की झालं, हलगी चालूच राहणार, कुणाच्या लक्षातही येणार नाही. हलगी तर थांबत नाहीच.

घुमकं थांबलं.

आणि हलगीही थांबली.

पिराजीचा हात वर गेलेला, तो तिथंच राहिला. टिपरू हवेत. पालखीचे भोई एक पाऊल पुढं टाकून अडखळले. नाचणारी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी बाई घाबरून म्हणाली, “अगं बाई, हलगी थांबली!” तो मघाचा म्हातारा पुढं आला, “वाजीव लेका! वाजीव! काय कराल्यास?”

पिराजीनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो माझ्या मागच्या स्पीकरकडं बघत होता.

मी पट्टीवरचं बोट काढून घेतलं.

स्पीकरमधून श्वास आला. घरघरत, अडकत. सगळ्या वाटेवर तो ऐकू गेला, पार पिंपळाखाली बसलेल्या बायकांपर्यंत. म्हाताऱ्यानं तात्यांबरोबर जन्म काढलेला, त्याला कुणाचा श्वास ते सांगायला लागलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दुसरा श्वास मध्येच अडला. पिराजीनं वर धरलेला हात खाली आणला नाही. भोयांच्या खांद्यावर पालखी तशीच उभी. कुणी हललं नाही.

तिसरा श्वास पुरा आला. मग घुमकं वाजलं.

“आला,” पिराजी म्हणाला, आणि टिपरू खाली आणलं.

पालखी पुढं निघाली.